वेळ नेमका कुठे गेला?

आपल्या बहुतेक घरांत आता 'क्लाउडवर' काम करणारं कुणी ना कुणी असतं. सणाला सगळे जमले की एखादे काका हमखास विचारतात, "म्हणजे तू नेमकं काय करतेस?" आणि आपण "सर्व्हर वगैरे बघते" एवढं सांगून विषय बदलतो. या लेखात त्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यायचा विचार आहे. ऑनलाइन सेवा मंदावली किंवा मध्येच अडकली की कारण शोधून काढणं, हे माझं रोजचं काम.

निमित्त आहे आमच्या इंदूरमधल्या एका मराठी संस्थेच्या नाट्यप्रयोगाच्या पास-नोंदणीचं. ती कशी अडकली आणि कशी सुटली हे सांगताना सर्व्हरलेस वेबसाइटमधला टाइमआउट कसा शोधतात, तेही ओघाने येईल. कॉलेजात शिकता शिकता मंडळाची, सोसायटीची किंवा घरच्या दुकानाची वेबसाइट हौसेने बनवून देणाऱ्या मुलामुलींना याचा थेट उपयोग व्हावा. मोठ्यांना निदान एवढं कळावं, की मोबाइलवरचं ते गोल चक्र थांबत नाही तेव्हा दोष बहुधा तुमच्या बोटांचा नसतो.

सर्व्हरलेस म्हणजे काय?

घरात कार्य निघालं की आपण आचारी बोलावतो. वर्षभर त्याला पगारावर ठेवत नाही. पन्नास पानं असतील तर एकाने भागतं, पाचशे असतील तर आणखी माणसं येतात, आणि कार्य संपलं की हिशेब चुकता होतो. सर्व्हरलेस पद्धत अशीच आहे. पूर्वी वेबसाइटसाठी एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा लागे, कुणी येवो न येवो. आता आपण फक्त कामाची छोटी छोटी 'फंक्शन्स' लिहून ठेवतो. कुणी बटण दाबलं, म्हणजे रिक्वेस्ट आली, की क्लाउड कंपनी तिच्या संगणकावर ते फंक्शन चालवते आणि जेवढा वेळ चाललं तेवढ्याचेच पैसे लावते. सर्व्हर असतोच, तो सांभाळायची जबाबदारी आपली नसते, इतकंच.

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लॅम्डा' नावाने ही सेवा जाहीर केली. पुढे गूगल आणि मायक्रोसॉफ्टनेही आपापल्या सेवा आणल्या. ॲमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटरं २०१६ पासून आणि हैदराबादची २०२२ पासून चालू आहेत, त्यामुळे इंदूर किंवा बेळगावच्या माणसाच्या रिक्वेस्टला सिंगापूरला जाऊन यायची गरज उरलेली नाही. लॅम्डावर महिन्याच्या पहिल्या दहा लाख रिक्वेस्टचे पैसे पडत नाहीत. वर्षातून चार कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला याहून सोयीचं काय असणार?

एक अट मात्र असते. प्रत्येक फंक्शनला मुदत असते. लॅम्डामध्ये तुम्ही काही ठरवलं नाही तर ती ३ सेकंदांची असते आणि वाढवून वाढवून १५ मिनिटांपर्यंत नेता येते. मुदत संपली की काम अर्ध्यावर असलं तरी फंक्शन तिथेच बंद केलं जातं. हाच टाइमआउट.

त्या रविवारी काय झालं

संस्थेची नोंदणीची साइट अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाने आणि एका मुलीने बनवली होती, तीही एक पैसा न घेता. काम नेटकं होतं. दोघांनी आठवडाभर पुन्हा पुन्हा नोंदणी करून पाहिली होती. दोन-सव्वादोन सेकंदांत पास येत होता. रविवारी सकाळी १० वाजता सभासदांसाठी नोंदणी उघडली आणि पाच मिनिटांत खजिनदार काकांचा फोन वाजायला लागला.

पहिल्या काही जणांना पास मिळाले. बाकीच्यांना चक्र फिरताना दिसलं आणि मग 'पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप. तोवर यूपीआयने पैसे गेलेले होते. काहींनी पुन्हा बटण दाबलं आणि त्यांना दोन पास आले. काहींना 'नोंदणी झाली नाही' असं दिसलं आणि थोड्याच वेळात ईमेलवर पास हजर. काहींना पास नाही, निरोप नाही, काहीच नाही.

दुपारपर्यंत कार्यकारिणीत सूर निघाला, की पुढच्या वेळी पुन्हा कागदी पास, कार्यालयाच्या खिडकीवर. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या खिडकीसमोर कोण उभं राहू शकतं? गुडघे दुखणारे आजी-आजोबा नाही, आणि पुण्याला-बेंगळुरूला बसून आईवडिलांसाठी नोंदणी करणारी मुलंही नाहीत. शिवाय ज्या दोन पोरांनी हौसेने काम केलं होतं, त्यांनी पुन्हा संस्थेकडे फिरकलं नसतं.

मला त्या दिवशीची आणखी एक गोष्ट लागून राहिली. सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी खजिनदारांना फोन करून तक्रार केलीच नाही. त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल, मला नाही जमत हे मोबाइलचं." आणि तिकडून उत्तर गेलं, "नेट स्लो असेल तुमचं."

संध्याकाळी मुलांचा फोन आला. "ताई, मुदत आधी १० सेकंद होती. गोंधळ सुरू झाल्यावर लगेच ६० केली. तरी फरक नाही, उलट दोन-दोन पास तेव्हापासूनच जायला लागले." या शेवटच्या वाक्यात अर्धं उत्तर होतं.

एका बटणामागे किती घड्याळं?

टाइमआउट म्हटलं की एकच घड्याळ डोळ्यांपुढे येतं. खरं तर एका बटणामागे चार-पाच घड्याळं एकाच वेळी चालू असतात. तुमच्या ब्राउझरचं एक. त्यामागे 'गेटवे' असतो, म्हणजे येणारी रिक्वेस्ट घेऊन फंक्शनकडे पाठवणारा दारावरचा माणूस. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेचं ठरलेलं घड्याळ २९ सेकंदांचं असतं. २०२४ पासून काही प्रकारांत ते वाढवून घेता येतं, पण तुम्ही मागितलं तरच. त्यामागे फंक्शनचं घड्याळ. फंक्शन डेटाबेसशी बोलतं, तिथे आणखी एक. ईमेल किंवा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेशी बोलतं, तिथे आणखी एक, किंवा तिथे घड्याळच नसतं. पायथॉनमधली सर्रास वापरली जाणारी 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी तुम्ही मुदत सांगितली नाही तर उत्तराची वाट पाहत बसून राहते.

दुसऱ्या कंपनीकडे गेलात तरी हेच. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर फंक्शनची मुदत कितीही असो, ब्राउझरला उत्तर २३० सेकंदांच्या आत गेलं पाहिजे.

आता त्या ६० सेकंदांकडे पाहा. गेटवे २९ व्या सेकंदाला सभासदाला सांगून मोकळा होतो, की झालं नाही. या निरोपाचा क्रमांक ५०४. पण फंक्शनला त्याची खबर नसते. ते मागे ६० सेकंदांपर्यंत काम करत राहतं, जागा राखतं, पास पाठवतं. मुदत १० सेकंद होती तेव्हा 'झालं नाही' हे निदान खरं होतं. मुदत वाढवल्यावर तोच निरोप काही जणांच्या बाबतीत खोटा ठरायला लागला, आणि त्यावर विश्वास ठेवून लोकांनी पुन्हा बटण दाबलं. म्हणजे गर्दीत आणखी गर्दी.

म्हणून पहिला नियम: आतलं घड्याळ बाहेरच्या घड्याळापेक्षा आधी वाजलं पाहिजे. ईमेलची मुदत फंक्शनपेक्षा कमी, फंक्शनची गेटवेपेक्षा कमी. तसं असलं तर बाहेरच्याला काय झालं ते खरं सांगायला आतल्याला वेळ उरतो.

सरासरीत न दिसणारी माणसं

मुलांनी मला पहिला आकडा दाखवला तो सरासरीचा. "ताई, सरासरी तीन-साडेतीन सेकंदच आहे. एवढं वाईट नाही ना?"

हिशेब करून बघू. समजा १०० रिक्वेस्ट आल्या. ९५ जणांना २ सेकंद लागले, म्हणजे १९० सेकंद. उरलेल्या ५ जणांना २९ सेकंद ताटकळून नकार मिळाला, म्हणजे १४५ सेकंद. एकूण ३३५, सरासरी ३.३५ सेकंद. हा आकडा त्या १०० पैकी एकाच्याही वाट्याला आलेला नाही. ९५ जणांचं याहून चांगलं झालं आणि ५ जणांचं फारच वाईट. सरासरीने दोघांनाही झाकून टाकलं.

म्हणून आमच्या कामात 'पर्सेंटाइल' पाहतात. परीक्षेच्या निकालात ऐकतो तोच शब्द. सगळ्या रिक्वेस्ट लागलेल्या वेळाप्रमाणे ओळीने लावायच्या. बरोबर मधलीला लागलेला वेळ म्हणजे पी ५०. ज्या वेळाच्या आत ९९ टक्के रिक्वेस्ट पुऱ्या झाल्या तो पी ९९. वरच्या उदाहरणात पी ५० आहे २ सेकंद आणि पी ९९ आहे २९. पहिला आकडा सांगतो की साइट ठीक आहे, दुसरा सांगतो की कुणीतरी दाराबाहेर उभं आहे. टाइमआउट शोधताना दुसऱ्याचं ऐकायचं. त्या काकू पी ९९ मध्ये होत्या.

दिवसभराचा एकच आकडाही असाच फसवतो. दहा वाजून पाच मिनिटांचा गोंधळ २४ तासांत विरघळून जातो. लॅम्डाची मोजमापं मिनिटामिनिटाची मिळतात, त्यासाठी वेगळे पैसेही पडत नाहीत. ती मिनिटामिनिटानेच बघावीत.

आलेख काय सांगत होते

रविवारी रात्री आम्ही तिघं आपापल्या घरून ऑनलाइन बसलो आणि ९:५५ ते १०:३० एवढाच काळ पडद्यावर घेतला. सगळे आलेख एकाखाली एक, एकाच वेळेच्या पट्टीवर. ही साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकेक आलेख वेगळा पाहिला तर त्यांचा आपसातला संबंध दिसत नाही.

पहिला आलेख किती रिक्वेस्ट आल्या याचा. दहा वाजता एकदम चढ. अपेक्षितच.

दुसरा, एकाच वेळी किती फंक्शन्स चालू होती याचा. तोही चढला, आणि चढून तिथेच राहिला. काम पटापट उरकत असतं तर तो खाली आला असता.

तिसरा 'थ्रॉटल'चा, म्हणजे जागा नाही म्हणून किती जणांना दारातूनच परत पाठवलं. शून्य. लॅम्डामध्ये एका विभागात एकाच वेळी साधारण १,००० फंक्शन्स चालू शकतात. नव्या खात्याला कधी कधी कमी मिळतात. आपण त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हतो. थ्रॉटल आणि टाइमआउट यांत गल्लत करू नये. थ्रॉटलमध्ये दारातून परत पाठवतात, टाइमआउटमध्ये आत घेऊन ताटकळत ठेवतात. इलाज वेगवेगळे आहेत.

चौथा आलेख लागलेल्या वेळाचा. गेटवेकडची कमाल रेषा २९ सेकंदांवर जाऊन सपाट झालेली, फंक्शनची ६० वर. असं सपाट छप्पर दिसलं की समजावं, कामाला नेमका किती वेळ लागला असता ते आपल्याला माहीतच नाही. घड्याळाने मध्येच कापलं आहे.

पाचवा डेटाबेसचा. त्याच्या जोडण्या वाढलेल्या, पण मर्यादेच्या आत. आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा. मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे सगळे थांबलेत, काम कुणीच करत नाहीये!"

अगदी बरोबर. डेटाबेसवर ताण असता तर प्रोसेसर धापा टाकत असता. इथे गर्दी भरपूर आणि मेहनत शून्य. असं चित्र दिसलं की बहुतेक वेळा सगळे एकाच वस्तूसाठी रांगेत उभे असतात.

रांगेतला आणि रांग लावणारा

कोणत्या वस्तूसाठी, हे आलेख सांगत नाहीत. त्यासाठी लॉग, म्हणजे फंक्शनने स्वतः लिहून ठेवलेली रोजनिशी. प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर वेळ नोंदवायचा: पैसे तपासले, जागा राखली, पास बनवला, ईमेल पाठवली. एका रिक्वेस्टच्या सगळ्या ओळींवर तिचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे एका माणसाची पूर्ण गोष्ट वाचता येते. एक्स-रेसारखी साधनं हेच चित्ररूपात दाखवतात. मुलांनी या नोंदी आधीपासून ठेवल्या होत्या, हे त्यांचं कौतुक.

'जागा राखणे' या टप्प्याला कधी सेकंदाचा पन्नासावा भाग लागत होता, तर कधी २० सेकंद, कधी ५०. 'ईमेल पाठवणे' या टप्प्याला नेहमी साधारण २ सेकंद, गर्दी असो वा नसो.

इथे बहुतेक जण घसरतात. आकडे बघून वाटतं की जागा राखणारा डेटाबेसच मंद आहे, मोठा डेटाबेस घ्या. पण प्रोसेसर रिकामा आहे हे आपण आत्ताच पाहिलं. मग आम्ही कोड उघडला. शिल्लक जागांचा आकडा डेटाबेसच्या एका ओळीत होता. दोघांना एकच खुर्ची जाऊ नये म्हणून फंक्शन त्या ओळीला कुलूप लावायचं, जे योग्यच आहे. मग जागा एकने कमी, पास तयार, ईमेल रवाना, आणि ईमेल गेली असं कळल्यावर कुलूप उघडायचं.

डोळ्यांपुढे आणा: सरकारी कचेरीत एकच रजिस्टर आहे. कारकून एकाची नोंद करतो आणि रजिस्टर हातात धरूनच फोनवर दोन मिनिटं बोलतो. मागे शंभर कारकून बसवले तरी रजिस्टर एकच. दर वेळी २ सेकंद कुलूप, म्हणजे मिनिटाला ३० पास. हजार फंक्शन्स चालू असली तरी तेवढेच.

समजा दहाच्या ठोक्याला ६० जणांनी एकदम बटण दाबलं. पहिल्याला २ सेकंद, दुसऱ्याला ४, चौदाव्याला २८. पंधराव्याची पाळी ३० व्या सेकंदाला पुरी होणार, पण गेटवेने २९ लाच हात वर केले. म्हणजे पहिले १४ खूश. पंधरा ते जेमतेम तिसाव्यापर्यंतच्यांना 'झालं नाही' असं सांगितलं गेलं, पण त्यांचं काम ६० सेकंदांच्या आत मागे पूर्ण झालं. पास उशिरा आले ते यांचे. त्यापुढच्यांची फंक्शन्स ६० व्या सेकंदाला बंद पडली. पैसे गेले आणि हाती काही नाही ते हे लोक. सकाळच्या तिन्ही तक्रारींचा उलगडा एका गुणाकारात झाला.

'जागा राखणे' हा टप्पा मंद नव्हता, तो रांगेत उभा होता. रांग लावणारी होती ती शांतपणे २ सेकंद घेणारी ईमेल. मुलांच्या चाचणीत हे दिसणं शक्य नव्हतं, कारण एक माणूस एका वेळी नोंदणी करतो तेव्हा रांगच नसते.

काय बदललं

सर्व्हर एकही वाढवला नाही. चार गोष्टी केल्या.

ईमेल कुलपाच्या बाहेर काढली. जागा कमी झाली की कुलूप लगेच उघडतं आणि 'अमुकला पास पाठवा' अशी चिठ्ठी एका संदेश-रांगेत टाकली जाते. दुसरं फंक्शन सवडीने ईमेल पाठवतं. नाही गेली तर पुन्हा प्रयत्न करतं. सभासदाला पडद्यावर मात्र लगेच दिसतं की जागा पक्की झाली, पास ईमेलवर येतो आहे.

पैशांच्या व्यवहाराचा क्रमांक हीच नोंदणीची ओळख ठरवली. त्याच क्रमांकाने दहा वेळा बटण दाबलं तरी दहाही वेळा तोच एक पास मिळतो.

घड्याळं क्रमाने लावली: कुलपासाठी ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, फंक्शनची मुदत २० सेकंद, गेटवे २९. फंक्शनला स्वतःची किती मुदत उरली हे मध्येच विचारता येतं. थोडी उरली असेल तर नवं काम सुरू करायचं नाही, स्वच्छ शब्दांत 'पैसे मिळाले आहेत, जागा अजून पक्की नाही' असं सांगायचं.

आणि पी ९९ पाच सेकंदांच्या वर गेला किंवा गेटवेकडे ५०० च्या घरातली एकही चूक दिसली, तर मुलांच्या मोबाइलवर निरोप जाईल अशी सोय केली. खजिनदार काकांच्या फोनवरून कळायची वाट बघायची नाही.

पैसे गेलेल्यांची यादी बँकेच्या व्यवहारांशी ताडून कार्यकर्त्यांनी दोन दिवसांत प्रत्येकाला फोन केला. उरलेल्या जागांची नोंदणी पुढच्या रविवारी उघडली. आदल्या रात्री मुलांनी एकाच वेळी ६० खोट्या नोंदण्या सोडून पाहिल्या होत्या. सकाळी दहाला रिक्वेस्टचा आलेख तसाच चढला, पण चालू फंक्शन्सचा आलेख लगेच खाली आला. पी ९९ एका सेकंदाच्या आत राहिला. काहींना ईमेल मिनिटभराने मिळाली. कुणाची तक्रार नाही. खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही. काकूंना मुलीने स्वतः फोन करून सांगितलं, की तुमचं काही चुकलं नव्हतं.

कारण दर वेळी हेच नसतं

टाइमआउट दिसला की कुलूपच शोधत बसू नका. प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते.

पहिल्या रिक्वेस्टपासून प्रत्येक रिक्वेस्ट मुदत गाठते, एकही यशस्वी होत नाही: मग गर्दीचा संबंध नाही, रस्ताच बंद आहे. फंक्शन खाजगी नेटवर्कमध्ये ठेवलं आणि तिथून इंटरनेटवर जायची वाट केली नाही, तर बाहेरच्या सेवेकडे गेलेली हाक परतच येत नाही. सुरक्षेचे नियमही असेच काही न सांगता अडवतात.

बराच वेळ शांतता आणि मग पहिल्याच माणसाला उशीर: हा कोल्ड स्टार्ट. आचारी आला, पण चूल पेटायची आहे. गंमत म्हणजे लॅम्डाच्या 'ड्युरेशन' या मोजमापात हा वेळ धरत नाहीत. फंक्शनचा आकडा छान आणि माणूस मात्र थांबलेला असं होतं. तेव्हा गेटवेकडचा 'इंटिग्रेशन लेटन्सी'चा आकडा शेजारी ठेवून फरक बघावा.

पीडीएफ किंवा चित्रं बनवताना नेहमीच मंद: मेमरी तपासा. लॅम्डामध्ये मेमरीच्या प्रमाणात प्रोसेसर मिळतो. सुरुवातीला १२८ एमबी असते. पूर्ण एक प्रोसेसर मिळायला १,७६९ एमबी लागते. मेमरी दुप्पट केल्यावर वेळ निम्मा झाला तर बिल जवळपास तेवढंच राहतं.

गर्दीबरोबर डेटाबेसच्या जोडण्या मर्यादेला टेकतात: प्रत्येक फंक्शन आपली वेगळी जोडणी उघडतं आहे. मध्ये जोडण्या वाटून देणारा प्रॉक्सी बसवा.

मुदत वाढवण्याआधी

तुमच्या प्रकल्पात टाइमआउट आला की मुदतीच्या आकड्याला हात लावण्याआधी हे प्रश्न या क्रमाने विचारा:

१. कुठलं घड्याळ आधी वाजलं? गेटवेचं, फंक्शनचं की आतल्या सेवेचं?

२. सगळ्यांनाच झालं की काहींनाच? पी ५० आणि पी ९९ शेजारी ठेवा.

३. कधी झालं? गर्दीत, शांततेनंतर की नेहमीच?

४. थांबलेल्या वेळात काम चालू होतं की नुसती वाट बघणं? डेटाबेसचा प्रोसेसर पाहा.

५. जो टप्पा मंद दिसतो, तो स्वतः मंद आहे की दुसऱ्यासाठी थांबला आहे?

६. बाहेरच्याला 'झालं नाही' सांगितल्यावर आत काम चालू राहतं का? राहत असेल तर दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर काय होईल?

घरातल्या मोठ्यांसाठीही एक सूचना. पैसे गेले आणि पास आला नाही, तर लगेच पुन्हा पैसे भरू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, थोडा वेळ थांबा, ईमेल आणि एसएमएस बघा, मग आयोजकांना तोच क्रमांक सांगा. आणि आयोजकांनो, अशा फोनला "नेट स्लो असेल" हे उत्तर देऊ नका. आधी आलेख बघा.

दिवाळी पहाट असो, नाट्यप्रयोग असो की सहल, ऑनलाइन नोंदणी उघडण्याआधी एक रंगीत तालीम करा. वीस-पंचवीस सभासदांना, त्यांत सत्तरीचे चार-पाच जण हवेतच, ठरल्या मिनिटाला एकदम बटण दाबायला सांगा आणि साइट बनवणाऱ्या मुलांना तेव्हा आलेखासमोर बसवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि खर्च काही नाही.